पायांची दाद

आमच्या घरात मला आरंभशूर म्हणतात. लहानपणी मला ते कौतुक वाटायचं, कारण त्यात शूर होतं. दिल्लीत वाढलेल्या मुलांच्या मराठीचे असे बरेच घोटाळे असतात. अर्थ कळला तोवर कथक सुटलं होतं, बासरी कपाटावर चढली होती आणि स्केटिंगचे बूट शेजारच्या मुलीला देऊन झाले होते. पुढे इंजिनिअरिंगही मधेच सोडलं. आई म्हणायची, एक ना धड, भाराभर चिंध्या. बाबा तेवढंही बोलायचे नाहीत. मी नवीन काही धरलं की चष्म्यावरून बघत विचारायचे, हे किती दिवसांचं?

पियानो तेवढा टिकला. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या एक बाई शिकवायच्या, आणि तिथे पंखा चांगला होता म्हणून मी जायचे. कॉलेजात कुणीतरी जॅझ ऐकवलं आणि मला माझं घर सापडलं. ज्यात काल वाजवलेलं आज तसंच वाजवलं तर लोक नाक मुरडतात असं संगीत जगात आहे, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. माझ्या धरसोडीला तिथे कला म्हणत होते. ड्रम्स वाजवणारा एक आणि डबल बास वाजवणारा एक, असे दोन मित्र मिळाले. आम्ही तिघं गुरुग्रामच्या रेस्टॉरंटांमधून वाजवायचो, लोक जेवायचे. एक धून दोन शुक्रवार सारखी वाजली असं कधी झालं नाही.

अशाच एका शुक्रवारी एक पिकल्या केसांचे गृहस्थ आमच्या टेबलाशी आले. दिल्लीतल्या एका चेंबर ऑर्केस्ट्राचे ते प्रमुख व्हायोलिनवादक. मूळचे केरळचे, पण सगळा जन्म दिल्लीत गेलेला. त्यांनी विचारलं, आमच्या व्हायोलिन-चेलोवाल्यांबरोबर वाजेल असं काही लिहिशील का, अल्बम करू. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले. हो म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही.

चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे लग्नातला बँड नव्हे, हे मला नातेवाइकांना अजून समजवावं लागतं. व्हायोलिन, त्याहून जरा मोठा व्हायोला, गुडघ्यांमध्ये धरायचा चेलो घेतलेली पंधरा-वीस माणसं अर्धगोलात बसतात, प्रत्येकाच्या पुढ्यात लिहिलेलं संगीत असतं. काठीवाला कंडक्टर नसतो. पहिल्या खुर्चीवरचे हे प्रमुख व्हायोलिनवादक, सगळ्यांचे सर, मान हलवून श्वास घेतात आणि सगळे त्यांच्याबरोबर निघतात. गज कुठल्या सुरावर खाली ओढायचा आणि कुठल्या सुरावर वर ढकलायचा, हेसुद्धा ठरवून पेन्सिलीने लिहिलेलं असतं, कारण ओळीतले सगळे गज एका दिशेने जायला हवेत. म्हणजे मी एक सूर बदलला की पंधरा-वीस रबरं बाहेर येणार. जिथे काही नक्की करावं लागत नाही म्हणून मी जॅझमध्ये पळून आले होते, आणि आता ही माणसं मला विचारत होती, नक्की काय?

मी सहा-सात रचना लिहिल्या. लिहिल्या म्हणजे लिहीत राहिले. आईला ऑफिसला जाताना डबा भरून हवा असायचा आणि मी ओट्याशी उभी राहून तिला म्हणत असायचे, ऐक ना, इथे चेलो आधी येऊ दे की नंतर? आई एका केंद्रीय खात्यात आहे, तिथे प्रत्येक गोष्टीवर शेरा मारून ती पुढे पाठवायची असते. ती म्हणायची, "अच्छा, आधी येऊ दे. आता चलो, झाकण दे." संध्याकाळी ती परत यायच्या आत मी चेलो नंतर केलेला असायचा.

तालमी रविवारी, पहाडगंजमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये व्हायच्या. पहिल्याच दिवशी भांडण लागलं, तेही सभ्य. जॅझमध्ये दोन सारखे सूर लिहिले तरी पहिला थोडा लांब आणि दुसरा आखूड वाजतो. त्या झोक्यावरच सगळं चालतं. सरांनी विचारलं, थोडा म्हणजे किती लांब? मी म्हटलं, ते अवलंबून आहे. कशावर? मूडवर. व्हायोलाच्या बाईंनी कपाळाला हात लावला. आमचा ड्रमर पुढे, व्हायोलिनं मागे, मी मधे, अशी वरात तो सबंध दिवस चालली. पुढच्या रविवारी मी नवीन पानं घेऊन गेले. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी नवीन.

त्या तालमींत मला एक रीत कळली. व्हायोलिनवाल्यांचे दोन्ही हात गुंतलेले असतात, टाळ्या वाजवता येत नाहीत. मग एखाद्याने फार छान वाजवलं की ते बसल्या बसल्या बूट जमिनीवर घासतात. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मला वाटलं लोक कंटाळून उठायला लागले. नंतर पाहिलं तर सगळे आमच्या ड्रमरकडे बघून हसत होते. पुढे बासवाल्या मित्रालाही ती दाद मिळाली, चेलोवालीला मिळाली, एकदा तर चहा वेळेवर आणला म्हणून हॉलच्या चौकीदारालाही मिळाली. मला कधीच मिळाली नाही. मला ती हवी होती. इतकी हवी होती, की वाजवून झाल्यावर मी कळफलकाकडे बघत उगाच रेंगाळायचे आणि कान त्यांच्या बुटांकडे असायचे. लेखकाला असं लिहायला लाज वाटायला हवी, पण मी संगीतकार आहे, चालेल.

एका रविवारी आई बरोबर आली. तिची शाळा पहाडगंजमधली, त्यामुळे तो भाग म्हणजे तिला माहेर. दुपारभर ती मागच्या बाकावर बसली. त्या दिवशी शेवटच्या रचनेतल्या व्हायोलिनच्या एकट्या तुकड्यावर मी अडून बसले होते. हा तुकडा सरांनी वाजवावा असं माझ्या मनात होतं, पण त्यांनी तो मागच्या रांगेतल्या एका दीदीला देऊन टाकला होता. दीदी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायची, आसामची, आईसारखीच कुठल्याशा खात्यात नोकरीला. हळू बोलायची, अचूक वाजवायची आणि वाजवताना कुणाला दिसू नये अशी बसायची. मी तिला तो तुकडा बदलून दिला. तिने वाजवला. मी पुन्हा बदलला. तिने रबर काढलं, पुसलं, लिहिलं, वाजवला. मला तो पटेना. शेवटी मी म्हटलं, दीदी, तुम्हाला जे सुचेल ते वाजवा, लिहिलेलं सोडा. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, ते माझ्याच्याने व्हायचं नाही, तुम्ही एक काहीतरी पक्कं लिहून द्या, मी तेच वाजवीन.

सर मला बाहेर घेऊन गेले. चहाच्या टपरीवर त्यांनी मला शांतपणे सांगितलं, "बेटा, ये लोग बजाने आते हैं, मिटाने नहीं।"

परतताना मेट्रोत आई म्हणाली, "ती माणसं दमली गं. तू काही दमली नाहीस." मी चिडून म्हटलं, परफेक्ट व्हायला नको का? त्यावर ती जे बोलली ते मला झोंबलं, कारण ते ओरडून बोललेलं नव्हतं. "परफेक्टचं मला कळत नाही. मला तुझं एकदा काहीतरी पुरं झालेलं बघायचंय. बास." यमुनेच्या पुलावर गाडी आली, मी खिडकीकडे तोंड केलं. त्या रात्री मी दीदीचा तुकडा एक पक्का लिहिला, फोनवरून पाठवला आणि हात बांधून बसल्यासारखी बसले.

रेकॉर्डिंग एप्रिलच्या शेवटी ठरलं, नोएडातल्या एका सभागृहात. सगळ्यांनी एकत्र, एकाच खोलीत वाजवायचं, हा माझा हट्ट. वेगवेगळं रेकॉर्ड करून नंतर जोडलं असतं तर सगळ्यांचं आयुष्य सोपं झालं असतं, पण मग जॅझ कसलं? सभागृह वीकेंडपुरतंच मिळालं होतं. रेकॉर्डिस्टने पहिली आज्ञा सोडली की एसी बंद, त्याची घरघर माइकमध्ये येते. दुसरी आज्ञा, स्टेजच्या फळ्या बुटांनी कुरकुरतात तेव्हा सगळ्यांनी बूट बाहेर काढायचे. दाराशी देवळाबाहेर असतो तसा चपलाबुटांचा ढीग पडला आणि इस्त्रीच्या शर्टातली ती प्रतिष्ठित माणसं मोज्यांवर येऊन बसली. उकाड्याने तारा उतरत होत्या, दर थोड्या वेळाने सूर लावावे लागत होते. मधेच कुठेतरी मोर ओरडायचा आणि तोवर वाजवलेला अख्खा टेक वाया जायचा. मी दोन टेकच्या मधे पियानोच्या स्टुलावरून उठून फेऱ्या मारायचे, रेकॉर्डिस्ट काचेमागून हात जोडायचा.

शेवटची रचना रविवारी दुपारी आली. मी त्या सकाळी निघता निघता माझ्या स्वतःच्या भागातले दोन-तीन सूर बदलले होते. दुसऱ्या कुणाला हात लावला नव्हता, तेवढी अक्कल आली होती. पण त्यामुळे वाजवताना माझे डोळे माझ्याच खाडाखोडीवर चिकटलेले होते. पुढे काय येतंय, इथे बोट कुठे, तिथे कुठे. असं करत करत शेवट आला, मी शेवटचा स्वरसमूह दाबला, चेलो त्याच्याखाली लांबत गेला. तो विरेपर्यंत कुणी श्वासही घ्यायचा नाही असं ठरलेलं होतं.

आणि तो विरायच्या आतच आवाज आला. सुपात तांदूळ घोळवल्यासारखा, मऊ. मोजे घातलेले पाय लाकडावर घासत होते. एकाने सुरुवात केली असेल, मग सगळ्यांनी. सरसुद्धा. वर्षानुवर्षं स्टेजवर काढलेली माणसं, रेकॉर्डिंगमध्ये कधी पापणी हलू न देणारी, आणि सवयीने पाय हलून गेले.

काचेमागे रेकॉर्डिस्टने डोकं धरलं. सर एकदम उठून उभे राहिले आणि माफी मागायला लागले, गलती आमची, पुन्हा वाजवतो. मी मान डोलावली, पण मला काही ऐकू येत नव्हतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. मिळाली. मलाही मिळाली. टेक गेला याचं दुःख मला तेव्हा वाटलं नाही.

आम्ही पुन्हा वाजवलं, मग आणखी पुन्हा. पाय हलले नाहीत, मोर ओरडला नाही, सगळं जागच्या जागी. आणि सगळं बेचव. मला वाटलं, उकाड्याने दमले बिचारे. हॉलची वेळ संपली, लोक आपापले बूट शोधून घरी गेले.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते आईला विचारा. बाकीच्या रचना तयार झाल्या, शेवटची अडकली. पायांचा टेक जिवंत होता पण त्याच्या शेवटावर तो आवाज. स्वच्छ टेक होते पण मेलेले. रेकॉर्डिस्टने स्वच्छ टेकचा शेवट जिवंत टेकला जोडून दिला. मी ऐकला, म्हटलं जोड कळतोय. त्याने आवाज हळूहळू कमी करत पायांच्या आधीच संपवून दिलं. मी म्हटलं, शेवट गुदमरलाय. त्याने पाय पुसट केले. मी म्हटलं, आता ते उंदरासारखे वाटतात. शेवटी तो म्हणाला, "यार, तुम खुद बता दो, मुझसे क्या चाहिए।" मला ते सांगता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते पाय काढायचेच नव्हते आणि ठेवायचीही हिंमत नव्हती. ठेवले तर लोक म्हणतील, काय हौस आहे स्वतःचं कौतुक छापून आणायची. काढले तर आयुष्यात एकदा मिळालेली दाद मी स्वतःच्या हाताने पुसली असं होणार.

मी दिवसातून कितीदा तरी तो टेक लावायचे. लावायचे म्हणजे बोटाने सरळ शेवटाकडे ओढायचे आणि तेवढाच ऐकायचे. घरात सोफ्यावर बसायचे, उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे. बाबांनी वर्तमानपत्र खाली करून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि न विचारताच परत वर केलं. त्याचं मला फार वाईट वाटलं. हे किती दिवसांचं हेही आता ते विचारत नव्हते. आई फक्त पोळ्या करता करता म्हणाली, तुझं तळ्यात-मळ्यात चालू दे, पण जेवून घे. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, सवय होती. मला वाटलं, आईने हेही त्या कपाटावरच्या बासरीशेजारी ठेवून दिलं.

दिवाळीच्या आसपास सरांचा फोन आला. अल्बमचं काय झालं, सगळे विचारतायत. मी सांगितलं, शेवटच्या रचनेवर अडलंय. मग जरा लाडात येऊन म्हटलं, सर, तुमच्याच लोकांनी घोळ केला, माझं कौतुक करायची इतकी काय घाई होती, तो सूर तरी संपू द्यायचा.

सर हसले नाहीत.

"बेटा," सर म्हणाले, "वो तुम्हारे लिए नहीं था।"

मग त्यांनी सांगितलं, अगदी जपून, एखाद्याला वाईट बातमी सांगतात तसं. त्या टेकमध्ये दीदीने माझा लिहिलेला तुकडा वाजवलाच नव्हता. तिची वेळ आली, तिने गज ठेवला आणि भलतंच काहीतरी निघालं. आयुष्यभर पुढ्यातलं वाजवलेली बाई. तिच्या शेजारचीने तर वाजवणं सोडून तिच्याकडे पाहिलं होतं. शेवटपर्यंत सगळ्यांनी कसंबसं धरून ठेवलं आणि शेवटी पाय सुटले. टेक वाया गेला तो आपल्यामुळे असं दीदीला वाटलं, म्हणून पुढच्या सगळ्या टेकमध्ये तिने घाबरून माझं लिहिलेलं जसंच्या तसं वाजवलं. सरांनी विचारलं, तुझ्या लक्षात नाही आलं?

मी फोन ठेवला. कान तापले होते. आधी राग आला. कुणाचा ते ठरवता येईना, म्हणून दीदीचाच आला. मी लिहिलेलं सोडून तिने काय वाजवलं असेल ते वाजवलं असेल, विचारलं का मला? मग आठवलं की तसं वाजवा असं मीच तिला सांगितलं होतं. मग नुसतीच लाज राहिली.

हेडफोन लावले. इतके महिने तो टेक माझ्याजवळ होता आणि मधला भाग मी पहिल्याच आठवड्यात ‘ठीक’ म्हणून मागे टाकला होता. या वेळी मी पहिल्यापासून लावला आणि हात मांड्यांखाली दाबून बसले. व्हायोलिन आलं. सुरुवातीला ते माझ्या ओळीच्या कडेकडेने चालतं, परवानगी विचारत असल्यासारखं. मग एका ठिकाणी माझी ओळ खाली उतरते तिथे ते उतरत नाही. वर थांबतं. तो सूर किंचित बेसूर आहे, उकाड्याने तार उतरलेली. तिथून ते जे काही करतं ते मला लिहिता आलं नसतं. थोडा लांब म्हणजे किती, हे मला महिनोन्‌महिने सांगता आलं नव्हतं. तिने ते वाजवून ठेवलं होतं. आणि त्याच्या खाली पियानो होता, माझा, बरोबर सूर बरोबर जागी ठेवणारा आणि काहीही न ऐकणारा.

मी रडले. आई आतून आली, काय झालं म्हणून. मी तिच्या कानाला हेडफोन लावले. ती उभ्यानेच ऐकत राहिली, हाताला कणीक तशीच. पाय घासल्याचा आवाज आला तसं तिने विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं, ही त्या दीदीला मिळालेली दाद आहे. आई म्हणाली, "मग ठेव की. तुला काढायचा काय अधिकार?"

तो टेक आहे तसाच घ्यायचा, असं मी रेकॉर्डिस्टला कळवलं. त्याचा उलट फोन आला, नक्की? मी म्हटलं, बिल्कुल नक्की. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली, त्यात त्याचा दोष नाही.

मग मी दीदीला फोन केला. शनिवार होता, ती घरीच होती. मी सांगितलं की तुमचा तोच टेक घेतलाय, पायांसकट. तिने हळूच विचारलं, "मैंने बजाया क्या था? मुझे कुछ याद नहीं।"

तिला फाइल पाठवता आली असती, एका मिनिटाचं काम. पण मी म्हटलं, थांबा. फोन स्पीकरवर टाकून पियानोवर ठेवला आणि तिची ओळ तिला वाजवून दाखवली, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. जिथे ती वर थांबली होती तिथे माझं बोट सवयीने पुढे निघालं होतं. मी ते आवरलं, आणि ती जितकी थांबली होती तितकीच थांबले.